कोरियात राहायला जाताय? रोजच्या वागण्यातले बारकावे, एकेक पायरीने

कोरियात आलेल्या मराठी माणसाला पहिले काही आठवडे बरंच काही ओळखीचं वाटतं. घरात शिरताना पादत्राणं काढायची, वडीलधाऱ्यांना मान द्यायचा, भात हेच मुख्य अन्न. नुकतीच ओळख झालेला माणूस वय विचारतो, लग्न झालंय का तेही विचारतो आणि भेटल्या भेटल्या ‘जेवलात का?’ म्हणतो. त्यामुळे आपण निर्धास्त होतो. अडचणी नेमक्या इथूनच सुरू होतात, असं माझं इतक्या वर्षांच्या राहण्यावरून झालेलं ठाम मत आहे. जे उघडउघड वेगळं दिसतं तिथे आपण सावध असतो. जे आपल्यासारखंच वाटतं तिथे मात्र आपल्या सवयीने वागून मोकळे होतो, आणि तपशील निराळा असल्यामुळे समोरचा दुखावतो. बहुतेक कोरियन माणसं हे बोलून दाखवत नाहीत. ती हळूहळू बोलावणंच कमी करतात.

म्हणून हा लेख त्या तपशिलांविषयी आहे. सोल, सुवोन, देजॉन अशा शहरांत शिकायला, नोकरीला किंवा जोडीदाराबरोबर राहायला येणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात कोरियन साहेबांबरोबर काम करणाऱ्यांनाही वय, जेवण आणि ऑफिस हे भाग उपयोगी पडतील.

पायरी १ : आधी नाव एकसारखं करा

हे संस्कृतीचं नाही, कागदपत्रांचं काम वाटेल. पण कोरियात फोन नंबर आणि त्यावरून होणारी ओळखीची खातरजमा झाल्याशिवाय बँक, ऑनलाइन खरेदी, दवाखान्याची वेळ घेणं यांतलं पुष्कळसं अडतं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं. त्या कार्डावर पासपोर्टप्रमाणे आधी आडनाव, मग तुमचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं लांबलचक छापून येतं. बँकेने मधली जागा सोडली आणि फोन कंपनीने नाही सोडली, तर संगणक तुम्हाला दोन वेगळी माणसं समजतो. उपाय सोपा आहे. आधी कार्ड घ्या, मग बँक आणि फोन या दोन्ही ठिकाणी कार्डावरचं नाव अक्षरशः तसंच टाकायला सांगा, आणि निघण्यापूर्वी काउंटरवरच तपासा. पत्ता बदललात तर १५ दिवसांच्या आत तेही कळवा.

फोन सुरू झाला की काकाओटॉक आणि नेव्हर मॅप ही दोन ॲप लगेच घ्या. काकाओटॉकवर तुमचा निरोप समोरच्याने वाचला नसेल तोवर शेजारी ‘१’ आकडा दिसतो, वाचला की तो जातो. म्हणजे तुम्ही वाचलंय हे समोरच्याला कळतं. वाचून दिवसभर उत्तर न देणं इथे मनाला लावून घेतलं जातं. सविस्तर उत्तर नंतर देणार असाल तरी ‘ने’, म्हणजे ‘हो’, एवढं लगेच टाका.

पायरी २ : घर, चपला, आवाज, वास

कोरियन घराच्या दारातून आत गेलं की एक खोलगट चौकोन असतो, त्याला ह्यनग्वान म्हणतात. पादत्राणं तिथे काढायची आणि शेजारच्या कपाटात ठेवायची. आपल्याकडे चपला दाराबाहेर पडलेल्या असतात. इथे इमारतीच्या मार्गिकेत चपला, कुंड्या, सायकल ठेवली तर शेजारी तक्रार करतात, कारण ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे. दुसऱ्याच्या घरी अनवाणी पायांनी शिरणंही टाळा. उन्हाळ्यात सँडल घालून निघालात तर पिशवीत मोजे ठेवा. न्हाणीघरात वेगळ्या रबरी सपाता असतात, त्या तिथेच घालायच्या आणि तिथेच सोडायच्या.

जमीन खालून तापते. ओंदोल ही पद्धत फार जुनी आहे आणि आजच्या उंच इमारतींतही पाइपातून गरम पाणी फिरवून तीच चालते. मांडी घालून बसायची सवय असलेल्या आपल्याला याचं सुख लगेच कळतं. गॅसचं बिल वाचवायचं म्हणून जानेवारीत बाहेरगावी जाताना हीटर पूर्ण बंद मात्र करू नका. पारा उणे दहाच्या खाली गेला की पाइप गोठतात. भिंतीवरच्या यंत्रावर ‘बाहेर गेलो आहोत’ अशा अर्थाचं एक बटण असतं, त्याने किमान ऊब टिकते.

वरच्या मजल्यावरून खाली येणारा आवाज हा कोरियातला अतिशय नाजूक विषय आहे. त्यावरून भांडणं पोलिसांपर्यंत जातात. आपल्याकडे सकाळी मिक्सर, रात्री कुकर आणि दिवसभर पोरांची धावपळ यांकडे शेजारी लक्ष देत नाहीत. इथे लहान मूल असेल तर जाड फोमच्या चटया पहिल्याच आठवड्यात घाला. मिक्सर, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम रात्री नऊनंतर नको. तुम्हाला कोणाचा त्रास होत असेल तर थेट त्याच्या दारावर जाऊ नका, इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयाला सांगा. ते मध्यस्थी करतात आणि दोन्ही बाजूंची अब्रू राखली जाते.

वासाचंही असंच. फोडणी देताना चिमणी आधी लावा, नंतर नाही. मार्गिकेकडचं दार उघडून धूर बाहेर सोडू नका. उदबत्ती लावत असाल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. कोरियात उदबत्तीचा संबंध देवळाशी आणि मयताशी, पितरांच्या विधीशी आहे. शेजाऱ्याला तो वास आला तर तो भलतीच शंका घेऊ शकतो.

पायरी ३ : कचरा (हे नीट वाचा)

तुम्ही शेजारी म्हणून कसे आहात हे कोरियन माणूस तुमच्या कचऱ्यावरून ठरवतो. कचऱ्यामागे पैसे मोजायची पद्धत देशभर १९९५पासून आहे. सामान्य कचरा तुमच्या प्रभागाने छापलेल्या पिशवीतच टाकावा लागतो आणि कचऱ्याचं शुल्क पिशवीच्या किमतीतच धरलेलं असतं. पिशव्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात गल्ल्यामागे मिळतात. ‘चोंगन्यांगजे बोंगथू’ म्हणा आणि किती लिटरची हवी ते सांगा. एकट्या माणसाला १० लिटर पुरते. घर बदललं आणि प्रभागही बदलला, तर जुन्या पिशव्या सहसा चालत नाहीत.

खरा गुंता ओल्या कचऱ्याचा. अन्नकचरा थेट जमिनीत गाडायला २००५पासून बंदी आहे, तो वेगळा गोळा करून त्यातून बराचसा पशुखाद्य आणि खत केलं जातं. म्हणून जनावर जे खाऊ शकत नाही ते ओल्या कचऱ्यात टाकायचं नाही, ही खूणगाठ बांधून ठेवा. आपल्या स्वयंपाकघराला हा नियम लावला की यादी अशी होते : कांद्याची आणि लसणाची सालं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, मटणाची हाडं, खेकड्याची कवचं, आंब्याची कोय, शेंगांची टरफलं. हे सगळं ‘ओलं’ वाटतं, पण जातं सामान्य कचऱ्याच्या पिशवीत. उरलेला भात, भाजी, पोळी, केळ्याचं साल, कलिंगडाचं साल (बारीक तुकडे करून) हे अन्नकचऱ्यात. आमटी आणि रस्सा आधी गाळून घ्या.

मोठ्या गृहसंकुलांत अन्नकचऱ्याचं यंत्र असतं. कार्ड टेकवलं की झाकण आपोआप उघडतं, कचरा ओतला की आत वजन होतं, पडद्यावर ग्रॅम दिसतात आणि झाकण मिटतं. महिनाअखेरीस देखभाल खर्चात तेवढी रक्कम जमा होऊन येते. पाणी निथळून टाकलं की वजन कमी भरतं, म्हणून सगळ्यांच्या सिंकमध्ये जाळीचं भांडं असतं. प्लॅस्टिकची पिशवी यंत्रात पडता कामा नये. ती शेजारच्या डब्यात.

पुनर्वापराच्या वस्तू धुऊन, वेगवेगळ्या करून टाकायच्या. पारदर्शक पाण्याच्या बाटलीचं लेबल काढायचं, बाटली चेपायची, झाकण लावायचं. गृहसंकुलात यासाठी ठरलेला वार असतो. सुट्या इमारतींच्या भागात बहुधा सूर्यास्तानंतरच पिशवी बाहेर ठेवायची असते. जुनी गादी, खुर्ची, कपाट यांच्यासाठी प्रभाग कार्यालयातून किंवा ऑनलाइन पैसे भरून स्टिकर घ्यायचा आणि तो लावून वस्तू खाली ठेवायची. चुकीच्या पिशवीला दंड होतो, आणि पिशवीत तुमच्या नावाचं पाकीट सापडलं तर दंड थेट घरी येतो.

पायरी ४ : वय सांगा, वय विचारा, मग हाक मारा

नवी ओळख झाली की पहिल्या पाच-दहा मिनिटांत वयाचा प्रश्न येतो. बहुधा ‘कोणत्या सालचे?’ असा. तो खासगी चौकशीसाठी नसतो. तुमच्याशी कोणत्या आदरार्थी रूपात बोलायचं हे त्याला ठरवायचं असतं. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी तीन दारं आहेत, पण बाकीचं वाक्य फारसं बदलत नाही. कोरियनमध्ये प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापदच बदलतं, त्यामुळे वय ठरल्याशिवाय तोंड उघडणंच कठीण.

२८ जून २०२३पासून कायद्याने सगळ्यांचं वय जगभरासारखं, वाढदिवसानुसार मोजायचं ठरलं. त्याआधी जन्मतःच एक वर्ष धरून दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढवत. अजूनही वयस्क मंडळी गप्पांत जुनंच वय सांगतात. म्हणून तुम्ही सरळ जन्मसाल सांगा, गोंधळच राहत नाही.

एका वर्षाचा फरकही इथे फरक असतो. मित्र म्हणजे एकाच सालचे. तुमच्याहून मोठा असेल तर मुलगा त्याला ह्यंग आणि मुलगी ओप्पा म्हणते. मोठ्या मुलीला मुलगा नूना आणि मुलगी ओन्नी म्हणते. पण आपण ज्या सहजतेने कुणालाही दादा-ताई करतो तसं इथे करू नका. ही हाक जवळीक झाल्यावर, बहुधा समोरच्याने सुचवल्यावर मारायची. ऑफिसात तर नकोच. तिथे हुद्दा आणि त्यापुढे ‘निम’ : ग्वाजांगनिम, बुजांगनिम. विद्यापीठात वरच्या वर्गातले सनबे. हुद्दा ठाऊक नसेल तर पूर्ण नाव आणि ‘शी’. नुसतं आडनाव आणि ‘शी’ म्हणू नका, ते खालच्या पट्टीतलं वाटतं. हॉटेलात वाढणाऱ्या प्रौढ बाईंना मात्र ‘ईमो’, म्हणजे मावशी, म्हटलेलं चालतं. मालक-मालकिणीला साजांगनिम म्हणणं सगळ्यात सुरक्षित.

साधं, एकेरी बोलणं, म्हणजे बानमाल, कधी सुरू करायचं? ज्येष्ठ माणूस ‘आता मोकळं बोलूया’ म्हणतो तेव्हा. तोही आधी तुमच्याशी एकेरीवर येतो, तुम्ही लगेच उत्तरादाखल एकेरीवर यायचं नाही. परदेशी माणसाला सूट मिळते हे खरं आहे. पण जो ती सूट वापरत नाही त्याच्याविषयी होणारं मत फार वेगळं असतं.

नमस्कार म्हणजे कमरेतून थोडं वाकणं. दिवसातून पुन्हा भेटलात तर मान खाली पुरे. वाकून पायांना हात लावू नका. समोरची व्यक्ती दचकते. वस्तू, पैसे, कार्ड देताना-घेताना दोन्ही हात, किंवा उजव्या हाताने देताना डावा हात उजव्या कोपराखाली. आपल्याकडे डावा हात अशुद्ध म्हणून टाळतात, इथे तसं काही नाही. इथे एकाच हाताने दिलेलं हे बेफिकिरीचं लक्षण मानतात.

आणि आपली ती आडवी मान डोलावण्याची सवय! कोरियन माणसाला ती नकारासारखी दिसते. ‘हो’ म्हणायचं असेल तर मान पुढे करून ‘ने’ म्हणा. उलट, समोरचा ‘ने, ने’ म्हणतोय म्हणजे त्याला पटलंय असं धरू नका. तो ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ. ‘विचार करून सांगतो’ हा बहुतेक वेळा नकार असतो. ‘कधीतरी जेवायला भेटू’ यात तारीख नसेल तर ते निमंत्रण नाही, सौजन्य आहे.

‘चेहरा उतरलाय’, ‘वजन वाढलंय का’ असं तोंडावर म्हणतात. त्यात काळजी असते, रागावू नका. गप्पांना विषय हवा असेल तर गिमहेच्या राणी हो ह्वांग-ओकचं नाव काढा. ती अयुता (अनेक जण याला आपली अयोध्या मानतात) नावाच्या दूरच्या देशातून समुद्रमार्गे आली आणि तिने सुरो राजाशी लग्न केलं अशी आख्यायिका ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. गिमहे किम आणि गिमहे हो घराण्यांतली माणसं स्वतःला तिचे वंशज मानतात. तुमच्या ऑफिसात असा एखादा किम हमखास भेटेल आणि ‘म्हणजे आपण नातेवाईक’ म्हणून मनापासून हात पुढे करेल.

पायरी ५ : जेवणाचं टेबल

सगळ्यात ज्येष्ठ माणसाने चमचा उचलल्यावर सुरुवात करायची. भात आणि सूप चमच्याने, बाकीचं धातूच्या चपट्या काड्यांनी. दोन्ही एकाच हातात एकाच वेळी धरायचं नाही. भाताची वाटी टेबलावरच ठेवायची, हातात उचलायची नाही. काड्या भातात उभ्या खोचणं कटाक्षाने टाळा, तसं फक्त मृतांच्या नैवेद्यात दिसतं. तिखटाने नाक वाहू लागलं तर टेबलावर शिंकरू नका, उठून बाहेर जा.

आता उष्ट्याचा प्रश्न. हा आपल्यासाठी सगळ्यात अवघड भाग आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. टेबलाच्या मधोमध उकळतं भांडं येतं, त्यात द्वेनजांग जिगे (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा) किंवा किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा, रस्सा असतो. पारंपरिक रीतीने सगळे आपापला चमचा त्यातच बुडवतात. एखादी प्रेमळ बाई स्वतःच्या काड्यांनी चांगला तुकडा उचलून तुमच्या भातावर ठेवते. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण तिथे चमचा बाजूला ठेवून बसलात तर तुम्ही त्यांना दूर लोटताय असा अर्थ निघतो.

मार्ग असा : भांडं येताक्षणी, कुणी चमचा घालायच्या आधी, वाढणाऱ्या बाईंकडून ‘आप-जॉप्शी’ म्हणजे छोट्या ताटल्या आणि एक डाव मागा. मग स्वतः उठून आधी ज्येष्ठांना, मग बाकीच्यांना वाढा, शेवटी स्वतःला. कोरोनानंतर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नाही. उलट वाढण्याचं काम धाकट्याने अंगावर घेतलं याचं कौतुक होतं. तुमच्या भातावर कुणी ठेवलेला तुकडा मात्र खाच. खाता येत नसेल असा पदार्थ असेल तर ‘मला चालत नाही’ हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शेजारच्या छोट्या वाट्यांतले पदार्थ, म्हणजे बानचान, फुकट असतात आणि संपले की पुन्हा मिळतात. अन्न टाकू नये या संस्काराने आपण वाटी चाटूनपुसून संपवतो, तोच त्यांना ‘अजून हवंय’ हा इशारा वाटतो. पोट भरलं असेल तर शेवटचा घास वाटीत राहू द्या. टीप कुठेही द्यायची नाही. टेबलावर बटण असतं, ते दाबून बोलवायचं. चमचे सापडले नाहीत तर टेबलाला खण आहे का बघा. निखाऱ्यावर मांस भाजायच्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचं मागवावं लागतं, एकटे गेलात तर आधी विचारा. बिल एकानेच द्यायची रीत अजून आहे, ज्येष्ठ देतो. मग कॉफी तुम्ही पाजा.

शाकाहारी असाल तर

‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘गोगी’ म्हणजे मांस, पण बऱ्याच लोकांच्या मनात हॅम, मासे, कोळंबी गोगीत मोडत नाहीत. मांस काढून दिलं तरी खालचा रस्सा सुक्या मासळीच्या पाण्यात केलेला असतो. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो. म्हणून एकेक पदार्थ नाव घेऊन वगळा : ‘गोगी, हॅम, सेंगसन, ग्येरान प्पे जुसेयो’, म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडं काढून द्या. कागदावर कोरियन लिपीत लिहून घेऊन जवळ ठेवलं तर उत्तम, आणि ‘रस्सासुद्धा मासळीचा नको’ हे त्यात लिहा.

अंडं आणि मांस वगळून बिबिमबाप (भाज्या घालून कालवायचा भात) जवळपास कुठेही मिळतं. उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया, खोंगुक्सू, मिळतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी एक खरोखर चांगली बातमी : कोरियन बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच, कांदा, लसूण आणि त्या जातीच्या एकूण पाच उग्र भाज्याही वर्ज्य असतात. सोलला जोग्येसा मंदिरासमोर बालवू गोंगयांग हे जोग्ये या बौद्ध पंथाचं उपाहारगृह आहे. महाग आहे, आधी नाव नोंदवावं लागतं, पण घरची मोठी माणसं भेटायला आली की त्यांना डोळे मिटून तिथे न्या. डाळी, मसाले, कणीक यांची दुकानं सोलच्या इथेवोन भागात मशिदीच्या परिसरात आहेत.

घरचा फराळ वाटत असाल तर चकली आणि चिवडा पुढे करा. मिठाई लहान तुकड्यात द्या. इथे गोडाची सगळ्यात मोठी स्तुती ‘फार गोड नाही, छान आहे’ अशी असते.

पायरी ६ : ऑफिस आणि ह्वेशिक

बाराच्या ठोक्याला सगळी टीम एकत्र जेवायला जाते. पहिले काही महिने डबा घेऊन एकटं बसू नका. डबा असेल तरी आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याबरोबर जा, कारण कामाची निम्मी माहिती जेवताना कळते. जेवण झालं की सगळे दात घासतात. टेबलाच्या खणात ब्रश ठेवा. संध्याकाळी निघताना ‘आधी निघतो’ असं वाकून सांगून जायचं. कायद्याने आठवड्याला ४० तास आणि जास्तीत जास्त १२ तास जादा, असे ५२ तास कमाल आहेत. तरी साहेब बसलेला असताना उठणं अनेकांना जड जातं, हे सगळीकडे सारखं नाही, टीम बघून ठरवा.

काम पूर्ण होईपर्यंत गप्प राहून एकदम निकाल दाखवायची आपली सवय इथे सोडा. अर्धवट असतानाच ‘इथवर झालंय’ हे वरच्याला सांगत राहायचं. सर्वांसमोर वरच्याची चूक काढायची नाही, नंतर वेगळं गाठून सांगायचं.

ह्वेशिक म्हणजे टीमचं एकत्र जेवण, बहुधा दारूसह, आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या जागी पुढची फेरी. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. दुसऱ्याचा पेला पूर्ण रिकामा झाल्यावरच भरायचा. बाटली उजव्या हातात, डावा हात आधाराला. ज्येष्ठ ओततो तेव्हा पेला दोन्ही हातांत धरायचा आणि पिताना तोंड किंचित बाजूला वळवायचं. न पिणाऱ्यांनी घाबरू नये. पेला नाकारण्याऐवजी त्यात सायडर (इथे हे साधं लिंबू सोड्यासारखं पेय आहे) मागून घ्या, ‘गोनबे’ (चिअर्स) म्हटलं की पेला उचला आणि इतरांना ओतत राहा. सोबत असणं महत्त्वाचं, आत काय आहे ते नाही. कामाच्या ठिकाणी छळ करण्यास मनाई करणारी तरतूद जुलै २०१९पासून लागू आहे, त्यामुळे जबरदस्तीने पाजणं हे आता कुणालाही परवडत नाही. पहिली फेरी संपल्यावर नम्रपणे निघता येतं.

विद्यार्थ्यांसाठी खास : आपल्या प्राध्यापकांना दिवाळीची भेट देऊ नका. २८ सप्टेंबर २०१६पासून लागू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात शिक्षक-प्राध्यापकही येतात, आणि ज्यांच्या हातात तुमचे गुण आहेत त्यांना दिलेली छोटी वस्तूही त्यांना अडचणीत आणते. त्यांनी ती परत केली तर अपमान समजू नका.

पायरी ७ : बस, मेट्रो, रस्ता

इथे थोडक्यात भागतं. टी-मनी हे भाड्याचं कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवा. डब्याच्या टोकाची ज्येष्ठांची आसनं गर्दीतही रिकामी असतात, ती तशीच राहू द्या; गुलाबी आसन गरोदर बायकांसाठी. फोनवर हळू बोला, व्हिडिओ इअरफोनशिवाय नको. सोलच्या शहर बसमध्ये कॉफीचा उघडा पेला घेऊन चढू देत नाहीत. गर्दीत धक्का लागला आणि कुणी माफी मागितली नाही तर मनावर घेऊ नका, इथे त्याला उद्धटपणा मानत नाहीत.

पायरी ८ : लग्न, मयत, सण

लग्नाचा आहेर रोख, पांढऱ्या पाकिटात, मागे नाव लिहून, दारातल्या टेबलावर द्यायचा. आपण शंभरावर रुपया ठेवतो, इथे रकमेचा पहिला आकडा विषम धरतात : ३०, ५०, ७० हजार वॉन, आणि त्यापुढे थेट एक लाख. चाळीस हजार कधीही नाही, चार आणि मृत्यू यांचा उच्चार एकच आहे. जेवायला थांबणार असाल आणि सहकारी जवळचा असेल तर हल्ली लाखच देतात. बायकांनी पांढरे कपडे टाळावेत. समारंभ अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो, मग जेवणाचं कुपन दाखवून बुफे. उशिरा पोचलात तर लग्न लागून माणसं जेवायला गेलेली असतात.

सहकाऱ्याच्या आई-वडिलांचं निधन झालं की निरोप ग्रुपवर येतो. जाणं टाळू नका. लग्नाला न जाण्यापेक्षा मयताला न जाणं जास्त लक्षात राहतं. अंत्यविधीचं दालन बहुधा मोठ्या इस्पितळातच असतं आणि तीन दिवस लोक येत राहतात. काळे किंवा गडद कपडे, पायांत मोजे. आपल्याकडे मयताला पांढरं घालतात, ते इथे नको. आधी पाकीट, मग वहीत नाव. आत जाऊन उदबत्ती लावायची. ज्योत तोंडाने फुंकायची नाही, हाताने वारा घालून विझवायची. फोटोसमोर दोनदा गुडघे टेकून नमस्कार, मग घरच्या मंडळींकडे वळून एकदा. धर्मामुळे तसं वाकणं चालत नसेल तर पांढरी शेवंती ठेवून मान झुकवून उभं राहावं. शेवंती इथे मयताचं फूल आहे, म्हणून ती कुणाच्या घरी भेट नेऊ नका. नंतर शेजारच्या खोलीत जेवायला बसवतात. तिखट लाल युक्केजांग असतं, ते गोमांसाचं. चालत नसेल तर भात आणि भाज्या घ्या, पण थोडा वेळ बसा. पेले एकमेकांवर आपटू नका.

सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसक (सुगीचा सण) हे दोन मोठे सण, प्रत्येकी तीन दिवसांची सुट्टी. रेल्वेची तिकिटं आरक्षण उघडताच संपतात आणि सणाच्या दिवशी बरीच दुकानं-हॉटेलं बंद असतात, म्हणून दूध, भाजी, औषधं दोन दिवस आधी भरून ठेवा. कुणी घरी बोलावलं तर फळांची खोकी न्या. सणावारी खोकीतली मोठी नाशपाती, सफरचंदं देण्याचीच रीत आहे. नव्या घराच्या समारंभाला मात्र टॉयलेट पेपरचा गठ्ठा किंवा कपडे धुण्याची पावडर नेतात, आणि यजमान ते मनापासून घेतात.

शेवटी नंबर लिहून ठेवा : पोलिसांसाठी ११२, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, आणि व्हिसा, कार्ड, पत्ता अशा परदेशी रहिवाशांच्या प्रश्नांसाठी १३४५. घरच्या मंडळींना हेही सांगून ठेवा की कोरिया भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. रात्री साडेआठला पुण्याहून फोन आला की इथे बारा वाजलेले असतात, आणि एकाच्या खोलीतला स्पीकर शेजाऱ्यालाही ऐकू जातो.